25 हजारांत हायब्रिड सायकल: गिअर मोजण्याआधी मागचं चाक बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूड ते हिंजवडी रोज सायकलने जायचं आहे, एका बाजूने साधारण 15 किलोमीटर. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, आणि पुढे जमलं तर गडावरही. उंची 5 फूट 6 इंच, वजन 82 किलो, बजेट 25 हजार. दुकानात दोन हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन यांच्या मधल्या, सायकली पसंत पडल्या आहेत. पहिली 19 हजारांची: 21 गिअर, पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. दुसरी 24 हजारांची: 8 गिअर, साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), व्ही-ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारे). कमी गोष्टी असलेली सायकल महाग का, आणि घ्यायची कोणती?

दुसरी घ्या. मात्र ती तुमच्या मापाची असली पाहिजे आणि मागचं चाक खाली सांगितलंय तसं निघालं पाहिजे. या दोन्हींपैकी एक जरी जुळलं नाही, किंवा 25 हजारांपलीकडे जाताच येत नसेल (त्याचं कारण पुढे पैशाच्या भागात), तर तिसरी सायकल शोधा.

किमतीचं कोडं सोपं आहे. 15 ते 20 हजारांच्या सायकलीत कंपनीला जाहिरातीत दिसतील अशा वस्तू बसवाव्याच लागतात: गिअरचा मोठा आकडा, सस्पेन्शन, डिस्क. त्यांचा खर्च मग जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथून कापला जातो. हब (चाकाचा मधला भाग), रिम (चाकाची कडा), क्रँक (पायडलचा दांडा), बीबी (क्रँक ज्यावर फिरतो तो फ्रेममधला भाग), बेअरिंग, टायर यांच्यावर कात्री चालते, आणि रोजच्या 30 किलोमीटरला नेमकी हीच मंडळी आधी हात टेकतात.

सुरुवात मागच्या चाकापासून करतो, कारण 82 किलो वजनाला सगळ्यात जास्त महत्त्व त्याचंच. मागे दात्यांच्या चकत्या दोन प्रकारे बसवतात. जुनी पद्धत फ्रीव्हीलची. यात चकत्या आणि आतली कटकट करणारी यंत्रणा मिळून एकच गोळा असतो आणि तो हबवर आट्यांनी घट्ट बसतो. दुसरी पद्धत कॅसेटची. यात कटकट करणारा भाग, म्हणजे फ्रीहब, हबचाच भाग असतो आणि चकत्या त्यावर सरकवून वरून लॉकरिंगने आवळतात. फरक बेअरिंगच्या जागेचा आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे चकत्यांच्या आतल्या बाजूला, हबच्या तोंडाशी राहतात. तिथून फ्रेमपर्यंत तीन-साडेतीन सेंटिमीटर एक्सल आधाराशिवाय लोंबकळतो. खड्ड्यात चाक आदळलं की सगळा झटका या 10 मिलिमीटर जाडीच्या दांडीवर येतो. ती आधी किंचित वाकते, मग छर्रे एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला ढिले होतात, कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूवर) खड्डे पडतात, चकत्या डुलायला लागतात, आणि मेकॅनिक बिचारा गिअर जुळवत बसतो. एक दिवस एक्सल तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ असतं, त्यामुळे ही अडचण जवळपास उरत नाही. 60 किलोच्या माणसाला चांगल्या रस्त्यावर फ्रीव्हील वर्षानुवर्षं चालेल. 82 किलो, वर लॅपटॉपची बॅग आणि पुण्याचे रस्ते, याला कॅसेटच हवी.

दुकानात ओळखायचं कसं? 7 चकत्या असतील तर बहुधा फ्रीव्हील, 8 किंवा अधिक असतील तर बहुधा कॅसेट. पण 8 चकत्यांचं फ्रीव्हीलही मिळतं, आणि ते आणखी वाईट, कारण त्यात एक्सल आणखी लांब लोंबकळतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका. सगळ्यात लहान चकतीच्या मधोमध, पाना अडकवायला खाचा असलेली रिंग दिसेल. चाक स्थिर धरून चकत्या हाताने उलट्या फिरवा. खाचांची रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि रिंग जागेवरच राहिली तर फ्रीव्हील. दुकानदाराला विचारायचीही गरज नाही.

चाकातली दुसरी गोष्ट रिम. डबल वॉल रिमच घ्या. स्पोकचे निपल (टोकाचे छोटे नट) रिमच्या आतल्या पोकळीत लपलेले असतात आणि त्यावर टेप बसवायला वेगळा थर असतो, ती डबल वॉल. सिंगल वॉल रिम खड्ड्यात आदळली की कड वाकते आणि चाकाला परत परत आऊट येतो, म्हणजे ते डुलत फिरतं. मागे 32 किंवा 36 स्पोक असावेत. 24-28 स्पोकची दिसायला देखणी चाकं तुमच्या वजनाला आणि या कामाला नकोत. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबरापासूनचं अंतर बघा. डावीकडे-उजवीकडे एक मिलिमीटरपर्यंत हलत असेल तर चालेल. तीन-चार हलत असेल तर सायकल ताब्यात घेण्याआधी आऊट काढून मागा. शेजारशेजारचे दोन दोन स्पोक बोटांनी दाबून बघा. एखादा जोड इतरांपेक्षा स्पष्ट ढिला लागला तर त्या चाकाचा ताण नीट बसवलेला नाही, आणि असेच स्पोक पुढे वाकणाशी तुटतात.

आता 21 गिअरचा हिशेब. अशा सायकलीला पुढे बहुतेक वेळा 42, 34 आणि 24 दात्यांच्या तीन चकत्या असतात, मागे 14, 16, 18, 20, 22, 24, 28 दात्यांच्या सात; तीन गुणिले सात म्हणजे 21. पुढचे दाते भागिले मागचे दाते म्हणजे एका पायडल-फेऱ्यात चाकाच्या किती फेऱ्या होतात ते. 42 भागिले 28 म्हणजे 1.5. 24 भागिले 16 म्हणजेही 1.5. 34 भागिले 22 म्हणजे 1.55. तीन गिअर मोजले, पायाला जाणवला एकच. अशा जोड्या बऱ्याच निघतात. शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागची सगळ्यात मोठी चकती एकत्र वापरली की साखळी तिरकी ओढली जाते, घासते, लवकर झिजते. तेही गिअर सोडायचे. हातात उरतात दहा-बारा. म्हणजे आठाशी तुलना 21 ची नाही, दहा-बाराची आहे.

तरी 21 गिअरवाल्या सायकलीची एक बाजू खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तिचा सगळ्यात हलका गिअर 24 भागिले 28, म्हणजे 0.86. 700 बाय 35 (म्हणजे 35 मिलिमीटर रुंद) टायरचा घेर साधारण 2.17 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर 0.86 च्या गिअरवर तुम्ही ताशी 6.7 किलोमीटरने चढाल. 8 गिअरच्या सायकलीला पुढे 38 आणि मागे 11 ते 34 दाते असतील तर सगळ्यात हलका गिअर 1.12 आणि तेवढ्याच फेऱ्यांना वेग 8.7 किलोमीटर. सिंहगडाच्या तीव्र वळणांवर 82 किलो वजन घेऊन 8.7 चा वेग टिकवणं नवख्याला जड जातं. फेऱ्या 45 वर येतात आणि गुडघे दुखायला लागतात. कोथरूड-हिंजवडीला मात्र हाच गिअर पुरून उरतो.

याला उपाय आहे, आणि तो खरेदीच्या वेळीच बघायचा. पुढची चकती क्रँकला बोल्टने बसवलेली आहे की रिव्हेटने ठोकलेली, ते बघा. बोल्टची असेल तर 38 काढून 34 दात्यांची बसवता येते. चार बोल्ट आणि त्यांचं वर्तुळ 104 मिलिमीटर व्यासाचं असेल तर 32 पर्यंत खाली जाता येतं. 34 दात्यांनी सगळ्यात हलका गिअर बरोबर 1 होतो, आणि 34 भागिले 11 वर मिनिटाला 90 फेऱ्यांनी ताशी 36 किलोमीटर मिळतात, शहरात त्याहून जास्त काही लागत नाही. दाते चारने कमी केले की साखळीतून कड्यांची एक जोडी, म्हणजे एक इंच, काढायला सांगा, नाहीतर ती ढिली राहून उडते. मागे फक्त एकच चकती मोठी करू म्हणून कोणी 40 दात्यांची कॅसेट सुचवली तर आधी डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) किती दाते झेलतो ते विचारा. या किमतीतले बरेच डिरेलर 34 ला थांबतात. रिव्हेटचा क्रँक असेल तर दाते झिजल्यावर अख्खा क्रँक बदलावा लागतो, म्हणून गड चढायचा नसला तरी बोल्टवालाच बरा. पुढे दोन चकत्या, समजा 46 आणि 30, आणि मागे 11-34 असलेली सायकल बजेटमध्ये मिळाली तर तुमच्या दोन्ही कामांना ती सगळ्यात उत्तम. 30 भागिले 34 म्हणजे 0.88, गडासाठी अगदी योग्य.

डिरेलर फ्रेमला कुठे लटकतो तेही वाकून बघा. एक्सलच्या नटखाली पत्र्याच्या पट्टीने अडकवलेला असेल तर ती स्वस्तातली सोय आहे. मागचं चाक काढून घालताना तो दर वेळी हलतो. फ्रेमला स्क्रूने बसवलेला वेगळा हँगर असला पाहिजे. सायकल उजव्या अंगावर पडली की हाच वाकतो आणि फ्रेम वाचवतो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, पाच वर्षांनी तो मिळेलच असं नाही. खरेदीच्या दिवशीच एक जादा घेऊन ठेवा.

सस्पेन्शनबद्दल माझं मत ठाम आहे: या बजेटमध्ये नको. 20 हजारांच्या आतल्या सायकलीतला फोर्क म्हणजे नळीत बसवलेली स्प्रिंग. स्प्रिंग दबते आणि तितक्याच जोरात परत उसळते, तिला आवरणारं तेलाचं डॅम्पिंग आत नसतं. असा फोर्क दोन ते अडीच किलो भरतो, साधा फोर्क त्याच्या निम्म्याच्या आसपास. पावसाळ्यात चिखलाचं पाणी सीलमधून आत जातं, नळ्या गंजतात, आणि दोन-तीन वर्षांत तो हलायचा थांबतो. दुरुस्त करण्याजोगा नसतो, बदलावाच लागतो. खड्ड्यांचा त्रास टायरने कमी होतो. 35 ते 40 मिलिमीटर रुंद टायर आणि नेमकी हवा, एवढ्याने मनगटं शाबूत राहतात. 82 किलोला 35 च्या टायरमध्ये मागे 65 आणि पुढे 55 पीएसआय ही सुरुवात धरा, मग पाचाच्या फरकाने आपल्याला मानवेल तशी बदला. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत मात्र राहा. फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो, मडगार्डसकट, हे विचारून घ्या. 32 च्या वर जागा नसलेली सायकल आपल्या रस्त्यांसाठी घेऊ नका.

ब्रेकचं लवकर सांगतो. चांगल्या बनावटीचे व्ही-ब्रेक तुमचं वजन उतारावरही नीट थांबवतात, कुठल्याही दुकानात जुळवता येतात आणि रबरं स्वस्त असतात. त्यांचा तोटा पावसात: ओल्या रिमवर पहिले काही मीटर पकड कमी, आणि चिखलाची कच रबरात रुतून रिम खाते. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला रिम पुसायची आणि रबरातले खडे टोकदार वस्तूने काढायचे. स्वस्त केबल डिस्कमध्ये एकच पॅड हलतो. तो डिस्कला वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो, आणि पॅड झिजेल तसा दोन्ही बाजूंनी जुळवावा लागतो. जुळवला नाही की ब्रेकचा दांडा हँडलला टेकतो. तुम्ही कोकणात किंवा गोव्यात, चार महिने संततधार पावसात रोज जाणार असतात, तर मी डिस्ककडे झुकलो असतो, पण हायड्रॉलिककडे, आणि त्यासाठी बजेट वाढवायला सांगितलं असतं. 19 हजारांच्या सायकलीतली डिस्क ही शोभेच्या जास्त जवळची आहे.

आता माप. हे चुकलं तर वरचं सगळं वाया. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा 77 सेंटिमीटर आलं. त्याला 0.88 ने गुणा: 68. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत इतकी उंची ठेवायची. दुकानात आधी सीट या उंचीला लावायला सांगा, मगच चालवून बघा. सीट खाली ठेवून सायकल 'बसते' असं वाटणं हा मोठा भ्रम आहे. सायकलवर टाच पायडलवर ठेवून खाली नेली की गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीटपुढे दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे राहिलात की वरच्या नळीपासून किमान 3 ते 5 सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

लांबी हे त्याहून महत्त्वाचं. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. पाच मिनिटांत मानेला आणि तळहातांना ताण आला तर फ्रेम लांब आहे. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून एक-दोन सेंटिमीटर सुधारता येतं, त्याहून जास्त ओढाताण करू नये. 5 फूट 6 इंचाला बहुतेक कंपन्यांत एम किंवा 17-18 इंच येतं, पण एका कंपनीचं एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढं असू शकतं. दुकानदाराकडे एकच माप शिल्लक आहे म्हणून 'हेच तुमचं' असं सांगितलं जातं. तिथे थांबू नका, दुसऱ्या दुकानात जा.

पैशाकडे येऊ. 24 हजारांची सायकल आणि 25 हजारांचं बजेट म्हणजे हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप, पंक्चरचं सामान आणि मडगार्ड यांना एक हजार उरतो, तो पुरत नाही. या सगळ्याला साडेतीन ते चार हजार धरा. 25 हजार ही शेवटची मर्यादा असेल तर 21 हजारांपर्यंतची, कॅसेट आणि साधा फोर्क असलेली सायकल शोधा. मागच्या वर्षाच्या रंगातली, दुकानात उभी राहिलेली सायकल अनेकदा या भावात सुटते. सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला आहे. जुन्या मालावर जुनी किंमत चिकटवलेली असू शकते, तेव्हा बिलावरचा कर वाचून घ्या. मडगार्ड आणि कॅरियरसाठी फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का हेही बघा. ऑफिसची बॅग पाठीवर घेऊन 15 किलोमीटर म्हणजे घामाने ओला शर्ट; कॅरियरवर गेली की निम्मा त्रास जातो.

वापरलेली सायकल घेतली तर याच पैशांत एक पायरी वरची मिळते, फक्त तपासणी करावी लागते. साखळीच्या 12 जोड्या, म्हणजे एका पिनेपासून तिच्या पुढच्या 24 व्या पिनेपर्यंत, मोजपट्टीवर बरोबर 12 इंच भरायला हव्यात. 12 इंच आणि वर एक सोळांश भरल्या तर साखळी बदलायची. वर एक अष्टमांश भरल्या तर साखळीबरोबर कॅसेटही गेली, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, फोर्कपाशी टकटक जाणवली तर हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं) ढिला किंवा खराब. हँडल हळू वळवताना मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगवर खड्डे पडले आहेत. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा, खेळ असेल तर बीबी ढिला किंवा खराब. वेल्डिंगच्या जोडांवर, विशेषतः हेडट्यूबखाली (हँडलखालची पुढची नळी) आणि सीटट्यूबच्या (सीटखालची नळी) वरच्या टोकाला, केसासारखी रेघ दिसली तर पुढे बोलूच नका. मूळ बिल आणि त्यावरचा फ्रेम नंबर जुळला पाहिजे.

ऑनलाइन मागवणार असाल तर सायकल अर्धवट जोडलेली येते आणि जोडणीत दोन चुका वारंवार होतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. जोर लावून उलट बसवलं की अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे कापले जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. दुसरी चूक म्हणजे फोर्क उलटा बसवणं. व्ही-ब्रेकच्या सायकलीत ब्रेक फोर्कच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे, डिस्कच्या सायकलीत कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) डाव्या हाताला.

पहिल्या 100-150 किलोमीटरनंतरची सर्व्हिस टाळू नका. केबलचं आवरण तोवर दबून बसतं, म्हणून गिअर सरकतात. त्यात सायकलीचा दोष नसतो. मेकॅनिकला तीन कामं नेमकी सांगा: केबल ताणून गिअर जुळवणं, दोन्ही चाकांचा आऊट आणि स्पोकचा ताण बघणं, आणि क्रँकचे बोल्ट आवळणं. तिसरं सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. क्रँकचा बोल्ट साधारण 40 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. ढिल्या बोल्टवर चालवत राहिलात तर क्रँकचं चौकोनी भोक मोठं होतं आणि मग कितीही आवळा, तो बसत नाही.

पंक्चर झालं तर ट्यूबवरचं भोक कुठे आहे ते बघूनच पॅच लावा. बाहेरच्या बाजूला असेल तर सराटा, काच किंवा तार. टायरमध्ये आतून बोट फिरवून ती काढा, नाहीतर तासाभरात परत पंक्चर. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिमची टेप सरकली आहे आणि निपलचं भोक उघडं पडलंय. तिथे कितीही पॅच लावले तरी उपयोग नाही, 40-50 रुपयांची कापडी टेप घालून घ्या.